एक बंद करून दाखवा!

मुंबईत राहणाऱ्याला, किंवा मुंबईत निदान एखादी मावशी असणाऱ्याला, 'मेगाब्लॉक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रविवार आला की पेपरात एक छोटीशी चौकट येते. अमुक स्टेशन ते तमुक स्टेशन धीमा मार्ग सकाळपासून दुपारपर्यंत बंद, धीम्या गाड्या जलद मार्गावरून धावतील वगैरे वगैरे. आपण वैतागतो, रेल्वेला चार शब्द ऐकवतो आणि पंधरा-वीस मिनिटं उशिरा का होईना, पोचतो. तेवढ्या चार-पाच तासांत माणसं रुळावर उतरतात, रूळ बदलतात, ओव्हरहेड वायर तपासतात. आणि गाड्या? त्या चालूच असतात! कारण रूळ चार आहेत. दोन बंद, दोन चालू. याउलट कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. तिथे ब्लॉक घेतला की गाडीला स्टेशनात मुकाट्याने उभं राहावं लागतं.

मित्रांनो, मला या लेखात म्हणायचंय ते एवढंच, की जे रेल्वे दर रविवारी पेपरात छापून करते, ते करायला कॉम्प्युटरवाली माणसं घाबरतात. आणि गंमत म्हणजे चार रुळांचे पैसे त्यांनी आधीच मोजलेले असतात!

मी बोलतोय ब्लेड सर्व्हरबद्दल. 'ब्लेड' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना दाढी आठवते, म्हणून आधी थोडं त्याबद्दल. साधा सर्व्हर म्हणजे एक डबा. त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय, स्वतःचे पंखे, स्वतःच्या नेटवर्कच्या वायरी. असे सोळा डबे ठेवले की मागे वायरींचं जंगल तयार होतं. त्यावर उपाय म्हणून सर्व्हरची नुसती पातळ पाटी बनवली, म्हणजेच ब्लेड, आणि अशा पाट्या एका मोठ्या खोक्यात पुस्तकांसारख्या उभ्या खोचल्या. खोक्याला म्हणायचं एन्क्लोजर किंवा चेसिस. वीज, हवा आणि नेटवर्क सगळ्यांना मिळून एकच. एचपी कंपनीने २००६ साली आणलेला सी-७००० नावाचा चेसिस हे याचं गाजलेलं उदाहरण. उंची साधारण ४४ सेंटिमीटर, आणि त्यात १६ अर्ध्या उंचीची ब्लेड्स बसतात. म्हणजे सोळा सर्व्हर आपल्या अभ्यासाच्या टेबलाखाली मावतील. (आवाज मात्र सहन होणार नाही!)

आता, सोळा सर्व्हर एकाच खोक्यावर अवलंबून म्हटल्यावर खोक्यातली एक वस्तू बिघडली तर सोळाही गेले. म्हणून या खोक्यात प्रत्येक गोष्ट जास्तीची असते. पॉवर सप्लाय ६ पर्यंत, पंखे १०. सगळ्यावर देखरेख करणारं ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटर नावाचं मॉड्यूल एक नाही, दोन. एक काम करतं आणि दुसरं तयारीत बसून असतं. नेटवर्कची मॉड्यूलंसुद्धा जोडीने लावतात. ब्लेडचा एक पोर्ट डाव्या मॉड्यूलला, दुसरा उजव्या. या सगळ्याला इंजिनिअरिंगमध्ये 'रिडंडंट' म्हणतात.

या शब्दाची मजा बघा. इंग्लिशच्या तासाला आम्ही शिकलो की रिडंडंट म्हणजे अनावश्यक, फालतू, निबंधातून खोडून टाकायचा शब्द. इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं की रिडंडंट म्हणजे अत्यंत आवश्यक, जास्त पैसे देऊन विकत घ्यायची गोष्ट. मराठीत याला काय म्हणायचं यावर मी बराच डोकं खाजवलं. 'राखीव', 'पर्यायी' हे शब्द बरोबर आहेत, पण सगळ्यात नेमका शब्द आपल्या ड्रायव्हर लोकांकडे आहे : स्टेपनी! स्टेपनी आहे म्हणून आपण निवांत घाट चढतो. पण स्टेपनीत हवा आहे का, हे शेवटचं कधी बघितलं होतं?

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

या खोक्यातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. मॉड्यूलमध्ये फर्मवेअर, नेटवर्क कार्डात फर्मवेअर, हार्डडिस्कमध्ये फर्मवेअर, मदरबोर्डवर तर असतंच. हा प्रोग्राम माणसानेच लिहिलेला असल्यामुळे त्यात चुका असतात. कंपनी त्या दुरुस्त करून नवीन व्हर्जन काढते. मोबाईलवर अपडेट आला की आपण डोळे झाकून 'ओके' करतो. सर्व्हररूममध्ये मात्र नेमकं उलट असतं. तिथला सुविचार एकच : "चालतंय ना? मग हात लावू नकोस!" चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? आमचा सर्व्हर हजार दिवस रीस्टार्ट झालेला नाही, असं काही जण कॉलर ताठ करून सांगतात. मला ते ऐकून कौतुक वाटत नाही. हजार दिवस रीस्टार्ट नाही याचा अर्थ मदरबोर्डवरचं फर्मवेअर निदान हजार दिवस जुनं आहे, आणि हा सर्व्हर बंद केल्यावर पुन्हा सुरू होतो की नाही हे हजार दिवसांत कुणाला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

'हात लावू नको'वाल्यांची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण हात न लावण्यालाही किंमत असते. ती किती, हे दोन खऱ्या गोष्टींवरून सांगतो.

पहिली गोष्ट. एचपीच्या सर्व्हरमध्ये, ब्लेडमध्येसुद्धा, आयएलओ नावाची एक चिप असते. सर्व्हर बंद असला तरी दुरून तो चालू करणं, त्याची स्क्रीन बघणं ही कामं ती करते. थोडक्यात, घराची मास्टर चावी. या चिपच्या चौथ्या पिढीतल्या फर्मवेअरमध्ये २०१७ साली एक भोक सापडलं. नेटवर्कवरून तिला पाठवलेल्या मागणीत एका ठराविक जागी २९ वेळा 'ए' हे अक्षर लिहिलं की पासवर्ड न विचारताच ती आत घ्यायची! हॅकर व्हायला एवढं सोपं कधीच नव्हतं. कंपनीने २०१७ मध्येच सुधारित फर्मवेअर काढलं होतं. आणि हे फर्मवेअर घालताना फक्त ती चिप रीस्टार्ट होते, सर्व्हरवरचं काम एक क्षणही थांबत नाही. म्हणजे इथे तर डाउनटाइमचं निमित्तसुद्धा नाही. तरी ज्यांनी हात लावला नाही त्यांची मास्टर चावी पायपुसण्याखालीच राहिली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने ग्राहकांना तातडीची सूचना पाठवली. त्यांच्या काही एसएसडी डिस्क बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. बंद पडल्या की डिस्कही गेली आणि डेटाही गेला, परत मिळणार नाही. उपाय एकच : त्याआधी डिस्कचं फर्मवेअर बदला. ३२,७६८ हा आकडा ओळखीचा वाटतो ना? फर्स्ट इयरला सी शिकलेल्या कुणालाही वाटेल. २ चा १५ वा घात! १६ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यावरून काय झालं असेल याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा. पुढे मार्च २०२० मध्ये आणखी काही डिस्कसाठी अशीच सूचना आली, त्या वेळी आकडा होता ४०,००० तास.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, रेड आहे की! एक डिस्क गेली तर दुसरी आहे, दोन गेल्या तर तिसरी आहे. इथेच तर खरी ग्यानबाची मेख आहे. सर्व्हर नवीन आला तेव्हा त्यातल्या आठही डिस्क एकाच दिवशी, एकाच मिनिटाला सुरू झाल्या. म्हणजे ३२,७६८ तासही सगळ्यांचे जवळजवळ एकाच वेळी भरणार. आठही डिस्क पाठोपाठ जाणार. रेड काय करणार, कपाळ?

रिलायबिलिटीच्या चॅप्टरमध्ये आपण शिकतो की एक मशीन ९९ टक्के वेळ चालत असेल तर अशी दोन मशीन्स समांतर लावल्यावर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे उपलब्धता ९९.९९ टक्के. वर्षाला साडेतीन दिवसांपेक्षा जास्तीचं डाउनटाइम एकदम ५३ मिनिटांवर येतं. वा! पण त्या फॉर्म्युल्याच्या वर बारीक अक्षरात एक वाक्य असतं : दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. परीक्षेत आपण ते वाक्य लिहायला विसरलो तर अर्धा मार्क जातो. सर्व्हररूममध्ये विसरलं तर सगळंच जातं. दोन डिस्क वेगळ्या असतात, पण त्यांच्या पोटातलं फर्मवेअर एकच असतं. जुळ्या भावांना एकच आजार, एकाच दिवशी.

हे काही नवीन नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्यात दिशा सांगणारे दोन कॉम्प्युटर होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोघांचं हार्डवेअर सारखं, सॉफ्टवेअरही सारखंच, आधीच्या एरियान-४ वरून आणलेलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत कोंबताना ओव्हरफ्लो झाला. आधी राखीव कॉम्प्युटर बंद पडला, आणि ७२ मिलिसेकंदांनी त्याच कारणाने मुख्य! स्टेपनी आधी पंक्चर. १९९६ ला १६ बिटांत न मावणारी संख्या, २०१९ ला पुन्हा तोच आकडा. आपण शिकतो की नाही कुणास ठाऊक.

म्हणजे फर्मवेअर बदलत राहणं भाग आहे. मग ते सर्व्हर बंद न करता कसं करायचं? यात जादू काही नाही. मेगाब्लॉकचंच तंत्र. फक्त क्रम पाळायला हवा.

आधी सगळी तब्येत तपासायची. कुठे लाल-पिवळा दिवा लागलेला नाही ना? सगळ्या कॉन्फिगरेशनची कॉपी बाहेर काढून ठेवली ना? कंपनीची कोणती व्हर्जन्स एकमेकांबरोबर चालतात हे वाचलं ना? मॉड्यूलचं फर्मवेअर नवीन आणि ब्लेडमधला ड्रायव्हर बाबा आदमच्या काळातला, असं जमत नाही. म्हणून तर कंपन्या एकमेकांबरोबर तपासलेल्या फर्मवेअर आणि ड्रायव्हरचा एकत्र गठ्ठा देतात.

मग देखरेखीचं मॉड्यूल. यातून सर्व्हरचा डेटा जात नाही. ते रीस्टार्ट होत असताना थोडा वेळ आपल्याला चेसिसची माहिती दिसत नाही, पण ब्लेड्स आपापलं काम करत राहतात. सोपा पेपर आधी सोडवायचा, तसं हे.

मग नेटवर्कची मॉड्यूलं. ही खरी परीक्षा. आधी एका बाजूचं मॉड्यूल नवीन फर्मवेअरवर रीस्टार्ट करायचं, तेवढा वेळ सगळी वाहतूक दुसऱ्या बाजूने. ते पूर्ण उभं राहिलं की मग दुसरी बाजू. इथे एकच नियम सोन्याचा आहे : पहिली बाजू परत आली हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आणि 'बघितलं' म्हणजे मॉड्यूलवरचा हिरवा दिवा नव्हे. दिवा फक्त सांगतो की मॉड्यूल जिवंत आहे. विचारायचं ते ब्लेडला. समजा प्रत्येक ब्लेडला स्टोरेजकडे जायचे ४ रस्ते आहेत, तर एक बाजू बंद असताना २ दिसले पाहिजेत आणि चालू झाल्यावर पुन्हा ४. सोळाही ब्लेड्सवर चार, दोन, चार. एकावर जरी ४ च्या जागी २ दिसले आणि आपण घाईने दुसरी बाजू बंद केली, तर ते ब्लेड आंधळं झालं. यात घाई म्हणजे आपण वाचवलेली पाच मिनिटं, आणि गमावलेली अख्खी रात्र.

शेवटी राहिलं ब्लेड स्वतः. मदरबोर्डचं फर्मवेअर बदललं की ब्लेड रीस्टार्ट करावंच लागतं, आणि एका ब्लेडच्या पोटात दुसरा मदरबोर्ड नसतो. इथे स्टेपनी असते शेजारचं ब्लेड. व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये व्हीमोशन नावाची सोय आणली. चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन, त्याच्या मेमरीसकट, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून न्यायचं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तर एक ब्लेड असं रिकामं करायचं, फर्मवेअर घालायचं, रीस्टार्ट करायचं, तपासायचं, आणि मग पुढचं ब्लेड. सोळा वेळा. कंटाळवाणं आहे, पण हवाई जहाजाच्या पायलटचं चेकलिस्टही कंटाळवाणंच असतं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर 'झिरो डाउनटाइम' हे शब्द ब्रोशरमधले आहेत. बाजू बदलताना एखादा सेकंद इकडेतिकडे होतोच. वेबपेज उघडणाऱ्याला तो कळत नाही, कारण हरवलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतो. फोनवर बोलणाऱ्याला कदाचित एक शब्द ऐकू येणार नाही. एवढं आधी सांगून टाकावं. रेल्वे पण सांगतेच की, गाड्या पंधरा मिनिटं उशिराने धावतील.

आता मूळ प्रश्न. क्रम इतका सरळ आहे, दोन-दोन वस्तू विकत घेतलेल्या आहेत, तरी लोक घाबरतात का? माझ्या मते कारण साधं आहे. स्टेपनी कधीच वापरून टाकलेली असते!

साधा हिशोब करा. डाव्या-उजव्या दोन लिंक आहेत. दोन्हीवर ४०-४० टक्के लोड आहे. एक बंद केली तर दुसरीवर ८० टक्के. चाललं. पण वापर वाढत जातो, आणि एक दिवस दोन्हीवर ६०-६० टक्के होतात. ग्राफ बघणारा म्हणतो, अजून ४० टक्के जागा आहे, मजा करा! खरं तर त्या दिवशी रिडंडन्सी संपली, कारण एक बंद केली तर दुसरीवर १२० टक्के येणार. कुठेही लाल दिवा लागला नाही, कुणी सही केली नाही, स्टेपनी गुपचूप पाचवं चाक झाली. ब्लेडचंही तसंच. सोळा ब्लेड्स सरासरी ९० टक्के भरलेली असतील तर एकूण काम १४.४ ब्लेड्सचं, उरलेल्या पंधरात मावतं. ९५ टक्के भरली तर १५.२, मावत नाही. मधल्या ५ टक्क्यांत आख्खी सोय हरवते. आणि वायरींचं तर विचारूच नका. पॉवर सप्लाय सहा, पण सहाही वायरी एकाच यूपीएसमध्ये! नेटवर्क मॉड्यूलं दोन, पण दोघांच्या वायरी एकाच स्विचमध्ये! कागदावर दोन, प्रत्यक्षात एक.

आणि हे कळणार कधी? एकतर बिघाड झाल्यावर, नाहीतर आपण स्वतः एक बाजू बंद केल्यावर. तिसरा मार्ग नाही. म्हणून मला वाटतं की फर्मवेअर अपग्रेड ही निव्वळ डोकेदुखी नसून फुकटात मिळालेली टेस्ट आहे. तुम्ही ठरवलेल्या दिवशी, माणसं हजर असताना, चहा पिऊन घेतलेली टेस्ट. बिघाड तुमचा टाइमटेबल बघून येत नाही.

या बाजूने दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला : नवीन फर्मवेअर जुन्यापेक्षा वाईट निघालं तर? निघतं ना! जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या चुका जगजाहीर झाल्या. इंटेलने घाईने नवीन मायक्रोकोड दिला, आणि २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की तो घालणं थांबवा, मशीन्स आपोआप रीस्टार्ट होतायत! पण याचं उत्तर 'कधीच घालू नका' हे नाही. उत्तर आहे 'सगळीकडे एकदम घालू नका'. दोन चेसिस असतील तर आधी कमी महत्त्वाच्या चेसिसवर घाला, आठवडाभर बघा, मग दुसऱ्यावर. जुनं फर्मवेअर परत घालायचा रस्ता आधीच तपासून ठेवा. जुनं ते सोनं, पण ३२,७६८ व्या तासाला त्या सोन्याची माती होते हेही लक्षात असू द्या.

दुसरा आक्षेप : ठीक आहे, करू, पण रात्री दोन वाजता करू. दिवसा कोण रिस्क घेणार? हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आपले कितीतरी सिनिअर्स आज अशाच नोकऱ्यांत आहेत. शनिवारी मध्यरात्री कुणीतरी एकटा, दिवसभर काम करून आलेला, डोळे चोळत काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करत असतो. चूक झाली तर विचारायला कुणी नाही, कंपनीचा तज्ज्ञ झोपलेला, बॉसला उठवायची भीती. चार, दोन, चार मोजायला सगळ्यात वाईट वेळ कुठली असेल तर ती हीच! भर गर्दीच्या वेळी करा असं मी म्हणत नाही. मेगाब्लॉक पण सोमवारी सकाळी नऊला नसतो. पण लोड कमी असलेल्या एखाद्या सकाळी, सगळी टीम हजर असताना करायला काय हरकत आहे? आणि 'नाही, दिवसा नकोच' असं कुणी म्हणत असेल तर त्याचा सरळ अर्थ हा की स्वतःच्या रिडंडन्सीवर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही. मग दुप्पट पैसे कशाचे दिले? आणि त्या अविश्वासाची किंमत रात्री जागणाऱ्या पोराने का द्यायची?

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि थेट दुपारी पावणेचारला सुरू झाले. एक्स्चेंजने सांगितलेलं कारण काय, तर दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक्समध्ये अडचण आली. एक नाही, दोन! कागदावर स्टेपनी होतीच. पण त्यानंतरची गोष्ट मला जास्त आवडते. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, शेअर बाजार मुद्दाम उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य साइटवरून खरे व्यवहार, आणि साडेअकरा ते साडेबारा राखीव साइटवरून खरे व्यवहार. खऱ्या पैशांनी, दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून! याला म्हणतात एक बंद करून दाखवणं. एवढा मोठा बाजार हे करू शकतो, तर चार ब्लेड्सवाल्या ऑफिसला काय झालं?

जाता जाता आपल्याबद्दल. रिलायबिलिटीचा फॉर्म्युला आपल्याला पाठ आहे. प्रोग्राम लिहायचा कसा हे शिकवतात. पण चालू असलेली गोष्ट चालू ठेवून दुरुस्त कशी करायची, याचं एकही प्रॅक्टिकल आपल्या जर्नलमध्ये नाही. त्याला ब्लेड सर्व्हर लागत नाही, तेवढे पैसे कॉलेजकडे नसणार हे मलाही कळतं. लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले दोन जुने पीसी, प्रत्येकात दोन नेटवर्क कार्डं, दोन साधे स्विच आणि फुकटचं लिनक्स एवढं पुरे. त्यावर फेस्टच्या रजिस्ट्रेशनचं पेज चालवायचं. आणि व्हायवाला एक्स्टर्नलने एकही प्रश्न न विचारता फक्त एक वायर उपटायची, स्वतःच्या पसंतीची. पेज चालू राहिलं तर पास! सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाचं तरी जर्नल उतरवून हे प्रॅक्टिकल होणार नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

वर्ष-दोन वर्षांत आपल्यातले काही जण अशाच कुठल्यातरी थंडगार सर्व्हररूममध्ये उभे असतील. सिनिअर अभिमानाने दाखवतील, हे बघ, आमच्याकडे सगळं डबल आहे. तेव्हा मान डोलावण्याआधी नम्रपणे एक प्रश्न विचारा : "सर, यातलं एक आत्ता बंद केलं तर चालेल?"

ते हसून "चालेल" म्हणाले तर नोकरी चांगली आहे असं समजा. आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर पहिल्या महिन्याचं काम काय करायचं, ते तुम्हाला कळलेलं असेल.